दोरीवरची शपथ

शालिकरामच्या घरात खुंटीला एक मखमली कोट टांगलेला होता. जांभळा, सोनेरी गुंड्यांचा, थेट राजाच्या अंगावरून उतरवल्यासारखा. तो कोट शालिकरामला अंगात घालवत नव्हता, विकवत नव्हता आणि जाळवतही नव्हता. घरी आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "हा कोट कोनाचा?" आणि नेमकी त्याच वेळी शालिकरामला बैलाला पाणी दाखवायची आठवण व्हायची.

शालिकराम वाशीमच्या करुणेश्वर संगीत मंडळीत पडदेवाला होता. घरचा मळा होता, भाऊ वांगी-मेथी काढत होते, बायको प्रयागबाई टोपली घेऊन बाजारात बसत होती. पण हा लहानपणीच नाटकाच्या नादी लागला तो लागलाच. त्याला खरं तर नट व्हायचं होतं. आवाज फाटका निघाला, म्हणून मालकाने त्याला पडद्यामागे ढकललं आणि हातात दोरी दिली. तेव्हापासून शालिकराम आणि त्याचे प्रेक्षक यांच्यामध्ये कायमचा एक पडदा आला.

आता पडदा ओढायला काय लागतं, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. दोन पुरुष उंचीचं रंगानं जड झालेलं कापड, खाली आडवा वासा, वर कप्प्या, आणि सगळ्या दोऱ्या मिळून झालेली एक जाड दोरी. ती कमी ओढली तर पडदा तिरपा जातो, हिसका दिला तर मध्येच अडतो आणि राजवाड्याआधी राजाचे नुसते पायच दिसतात. शालिकरामचा पडदा दुधावरची साय उचलावी तसा अलगद वर जायचा. तिसरी घंटा झाली, पायपेटीने सूर धरला, नांदीचा पहिला शब्द उमटला की त्याचे हात चालू. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नव्हता. ही खोड घरापर्यंत पोचली होती. देवळात आरतीच्या वेळी घंटा वाजली की याचे दोन्ही हात वर जायचे, आणि प्रयागबाई कोपर मारायची, "हात खाली घ्या. देवाले पडदा नाई."

मंडळीत नटांची पंगत वेगळी बसायची. त्यांच्या वरणावर तूप पडायचं. ते उठले की मग पडदेवाले, बत्तीवाले, गाडीवान, शिंपी यांची पाळी. तूप तोवर संपलेलं असायचं, पण ताट ठरलेलं होतं. ज्याचं ताट पंगतीत, तो मंडळीचा माणूस. एवढाच काय तो कायदा.

सेवादासचं ताट गेलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

सेवादास मेडशीकडच्या एका तांड्यावरचा. मंडपाच्या लाकडी बल्ल्यांवर चढून पडदे टांगायचं काम त्याचं. कारंज्याच्या मुक्कामात महालाचा पडदा टांगताना बल्ली मोडली आणि तो वरून कमरेवर आदळला. मालक दौलतराव हळहळले, वैद्य आणवला, आणि मुक्काम हलताना सेवादासला धर्मशाळेत ठेवून गाड्या शेलूबाजारकडे निघाल्या. "बरा झाला की येजो," मालक म्हणाले. तो बरा झाला, म्हणजे काठीच्या आधाराने एक पाय ओढत चालू लागला, आणि वाशीमच्या मुक्कामात मंडळीत परत आला. जेवायला बसला तेव्हा आचारी म्हणाला, "तुह्यं ताट नाई आता. मालकाचा हुकूम हाय."

सेवादास उठला नाही. बिचाऱ्याला पटकन उठताही येत नव्हतं. तो तसाच मोकळ्या जमिनीकडे बघत बसून राहिला, आणि त्याच्या शेजारी बसलेला रामसिंग बत्तीवाला, त्याच्याच तांड्यावरचा, त्याने आपलं ताट त्याच्यापुढे सरकवलं. शालिकराम समोरच बसला होता. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

रामसिंगने कारंज्याला कापसाच्या जिनातल्या मजुरांचा संघ पाहिला होता. तिथले मजूर एक झाले की जिनाचा भोंगाही गप्प बसतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नट घोरत पडले असताना त्याने सगळ्यांना टांगलेल्या पडद्यांच्या मागे बोलावलं. एका अंगाला जंगल, एका अंगाला महाल, आणि मधल्या बोळात आपले हे फाटक्या बंड्या घातलेले लोक.

"आज सेवादास हाय, उद्या तू असशीन," रामसिंग म्हणाला. "आपलं बी मंडळ पायजे. मागनं एकच. कामात पडला त्याचं ताट उठनार नाई. आन् मालकानं हे लोकाईसमोर सांगावं."

"मालक आयकतीन?" कुणीतरी विचारलं.

"नाई आयकनार. म्हून तं तिसऱ्या घंटेले पडदा उठनार नाई." रामसिंगने शालिकरामकडे पाहिलं. "बत्ती मी लावीन, लोक बसतीन, सारं होईन. आधी नाई म्हटलं तं मालक दुसरे मानसं आनते. पन घंटा झाल्यावर पडदेवाला कुठून आननार? ती दोरी याच्याबिगर कोनाले जमते?"

सगळे शालिकरामकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्याने आपली दोरी सोडून पुढे धरली. देवाची शपथ घ्यायची की काय, यावर जरा घोळ झाला, कारण देव ज्याचे त्याचे वेगळे होते. शेवटी सगळ्यांनी त्या दोरीलाच हात लावला. शेवटचा हात शालिकरामचा. "ही हालनार नाई," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या अंगावर काटा आला. खोटं नव्हता बोलला तो. हे लक्षात असू द्या.

वाशीमचा खेळ मोठा होता. साहेबाच्या कचेरीतले लोक पुढच्या खुर्च्यांवर, मागे शेतकरी, व्यापारी, बायका. रामसिंगने मालकाला मागणं तेवढं आधी कळवलं होतं, पडद्याचं नाही, आणि "पंगत काय तुमच्या बापाची हाये?" एवढंच उत्तर मिळालं होतं. दिवे लागले. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. शालिकराम दोरीजवळ दोन्ही हात काखेत घालून उभा होता. बाकीचेही हाताची घडी घालून उभे. हे पाहिल्यावर दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. ते रामसिंगजवळ आले. रामसिंग हलला नाही. दौलतरावांनी बाहेरचा गोंगाट ऐकला, शालिकरामचे काखेतले हात पाहिले, आणि खाली मान घालून म्हणाले, "बोलाव त्या सेवादासले."

झालं होतं. मंडळ जिंकलं होतं. आणखी चार शब्द मालकाच्या तोंडून लोकांसमोर निघायचे तेवढे राहिले होते.

पण पलीकडच्या बाजूला बसलेला प्रॉम्प्टर नटांपैकी, त्याला शपथेचं काही ठाऊक नव्हतं. मालक मान हलवताहेत एवढं त्याने पाहिलं, भांडण मिटलं असं समजला, आणि त्याने तिसरी घंटा वाजवली. पायपेटीने सूर धरला. नांदीचा पहिला शब्द उमटला.

शालिकरामचे हात काखेतून कधी निघाले, दोरीला कधी भिडले, हे त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा पडदा अर्ध्यावर गेला होता. सरळ, अलगद, नेहमीसारखा सुरेख. समोर उजेडात हजार तोंडं दिसली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सोड," रामसिंग दबक्या आवाजात म्हणाला. "शालिकराम, दोरी सोड!"

सोडता आली असती. पण नांदी चालू असताना पडदा पडणं म्हणजे मंडळीत मरण येणं, हे त्याला दोरी हातात देतानाच पढवलेलं होतं. नांदी पुरी होईतो पडदेवाला मेला तरी त्याने दोरी धरून मरायचं. शालिकराम दोरी धरून राहिला. नांदी पुरी झाली तोवर दौलतरावांची मान वर आलेली होती, आणि पायऱ्यांपाशी काठी टेकत येऊन पोचलेल्या सेवादासला त्यांनी हातानेच परत फिरवलं.

इथपर्यंत जे झालं त्याबद्दल शालिकरामला दोष द्यायला मी तरी धजणार नाही. पुढचं मात्र वेगळं आहे.

पहिला अंक संपला आणि दौलतराव त्याला दंडाला धरून पडद्याच्या पुढे घेऊन गेले. पडद्याच्या पुढे! ज्या जागेसाठी तो लहानपणी घर सोडून आला होता, त्या जागेवर. "लोकहो," मालक म्हणाले, "आमच्यातल्या काही लोकायनं आज खेळ बुडवाचा घाट घातला होता. या मानसानं मंडळीची अब्रू राखली." आणि राजाच्या कामाचा तो जांभळा मखमली कोट त्यांनी पुढे धरला.

शालिकरामने तोंड उघडलं होतं. "मालक, माह्या हाताची चूक झाली," एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर लोक हसले असते, मालक चिडले असते आणि आत उभा असलेला रामसिंग ते ऐकून समजला असता. पण समोरून टाळ्या येत होत्या. त्याच्यासाठी येत होत्या. शालिकरामने आपणहून उजवा हात बाहीत घातला, मग डावा घातला, आणि नटासारखं लवून लोकांना नमस्कार केला. कोट त्याच्या अंगात नीट बसला आणि त्याला बरं वाटलं.

आत आल्यावर त्याने रामसिंगला शोधलं. रामसिंगने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो फक्त कोटाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी रामसिंगचंही ताट उठलं. बाकीच्यांनी मालकाचे पाय धरले आणि मंडळ जन्मताच मेलं. रामसिंग आणि सेवादास मेडशीकडे जाणाऱ्या बैलगाडीत बसले तेव्हा शालिकराम गाडीपर्यंत गेला. काय सांगणार? माझ्या मनात नव्हतं, माझ्या हातांनी केलं? ते त्यालाच इतकं लबाडीचं वाटलं की त्याने गाडीला लावलेला हात काढून घेतला. सेवादास गाडीत आडवा पडला होता. गाडी निघून गेली.

प्रयागबाईने कोट पाहिला आणि ती हरखून गेली. "तुमाले देला? कायले?"

"काम चांगलं केलं म्हून."

तिने तो शेजारणींना दाखवला, बाजारात सांगितला, मोठ्या हौसेने मधोमध खुंटीला टांगला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र ती निम्मी टोपली तशीच घेऊन लवकर घरी आली. सेवादासची माय गोमतीबाई तिला बाजारात भेटली होती. भांडली नव्हती, कोट कशाबद्दल मिळाला एवढं सांगितलं होतं. प्रयागबाईने तिला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी द्यायला धरली, तर तिने ती टोपलीत परत ठेवली होती, बस्स.

"मी साऱ्या बाजाराले सांगत फिरली," प्रयागबाई म्हणाली. "तुमी मले एका शब्दानं नाई बोलले." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. तिने कोट उतरवलाही नाही. तो तिथेच राहू दिला, आणि ही शिक्षा शालिकरामला बरोबर कळली.

मंडळीत आता त्याचं ताट नटांच्या पंगतीत लागायचं. तूप वाढायला आलं की तो ताटावर हात आडवा धरायचा. पडद्यामागचे लोक त्याच्याशी कामापुरतं बोलत. तो आला की विडीच्या धुरात चाललेलं बोलणं थांबायचं. त्याचा पडदा मात्र तसाच सुरेख वर जात होता. दर खेळाला तिसरी घंटा वाजायची आणि दर खेळाला त्याला आपल्या हातांची शरम वाटायची. पण एकटा असला की त्याला खरं काय ते कळायचं. हात बिचारे दोरीपुरतेच दोषी होते. बाहीत घुसले तेव्हा त्यांना कुणी घंटा वाजवली नव्हती.

वर्षं गेली. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, तंबूतला सिनेमा गावोगाव फिरू लागला आणि नाटकवाल्यांचे दिवस फिरले. तशात एकदा रामसिंग वाशीमला आला. केस पांढरे झाले होते. तो आता वऱ्हाडातल्या खेळ-तमाशा कामगार मंडळाचा चिटणीस होता. नाटकातले पडदेवाले, तमाशातले ढोलकीवाले, सिनेमाच्या तंबूतले इंजिनवाले आणि दवंडीवाले, असे सगळे त्यात. जे रोप शालिकरामच्या दोरीने उपटलं होतं ते त्याने गावोगाव पायी हिंडून पुन्हा लावलं होतं. मागणं अजून तेच होतं. कामात पडला त्याचं ताट उठणार नाही. सुरुवात करुणेश्वर मंडळीपासून, कारण सेवादास इथेच पडला होता.

रामसिंग शालिकरामच्या दारात आला, पण आत बसला नाही. खुंटीवरचा कोट त्याला उंबऱ्यातूनच दिसला.

"एकच सांगाले आलो," तो म्हणाला. "खेळाच्या दिवशी तू येऊ नोको. घरी राय."

"मी नाई आलो तं मालकाचा पुतन्या पडदा ओढते. मीच शिकवलं त्याले." शालिकराम उंबऱ्यापाशी आला. "मी दोरीजवळ उभा रायलो तं दुसरा कोनी हात लावत नाई. मले येऊ दे."

"मागच्या बारीले बी तू दोरीजवळच उभा होता."

शालिकरामने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हात पुढे केले. "मंग हे बांधून टाका," तो म्हणाला. "बल्लीले. सगळ्याइच्या समोर."

खेळाच्या संध्याकाळी त्याला खरोखरच बल्लीला बांधलं. रामसिंगने स्वतःचं पागोटं सोडलं आणि शालिकरामची दोन्ही मनगटं करकचून आवळली. जुने लोक तोंड फिरवून हसले. चोराला बांधावं तसा शालिकराम उभा होता. म्हाताऱ्या दौलतरावांनी ते पाहिलं आणि तेही हसले. "याचा काय भरवसा नाई, नाई का रे?" ते म्हणाले, आणि शालिकरामला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मालकानेच मग हट्टाने घंटा मागितली. "वाजव तिसरी. पाहू कोन पडदा उठवत नाई."

घंटा वाजली. पायपेटीने सूर धरला. नांदीचा पहिला शब्द उमटला.

बल्ली हादरली. शालिकरामचे दोन्ही हात वर उसळले होते, पागोट्याचा पीळ मनगटात रुतला होता, आणि तरी हात ओढतच होते, हवेतली दोरी, खाली, खाली. त्याच्या तोंडावर भलतीच भीती होती. "थांबवा," तो म्हणत होता, "अरे, थांबवा या हातायले." मनगटाची सालं निघाली आणि पागोट्यावर रक्ताचे डाग पडले. हसणाऱ्यांचं हसू विरून गेलं. रामसिंग पुढे धावला आणि त्याने ते हात आपल्या हातांनी दाबून धरले, सूर थांबेपर्यंत.

पडदा उठला नाही. दोरीला हात लावायला मालकाचा पुतण्याही पुढे आला नाही. बाहेर लोक खुर्च्या आपटू लागले, आणि वऱ्हाडात दुसरा पडदेवाला मिळणार नव्हता, दुसरा बत्तीवालाही नव्हता. सगळे मंडळात होते. अखेर दौलतराव बंद पडद्याच्या पुढे गेले आणि लोकांसमोर त्यांनी ते सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. सेवादासचं नाव घेऊन सांगितलं.

रामसिंग पागोट्याची गाठ सोडत होता. "लेका," तो म्हणाला, "हे असं होतं? तवाच काहून नाई सांगतलं? इतके वर्षं मी तुले..." भोवती सगळे जमले. कुणी शालिकरामच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी मनगटाला हळद लावली. "बिचाऱ्याची चूकच नव्हती," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माफी अशी आयती चालून आली होती. शालिकरामला ती अंगावर घ्यावीशी वाटली, आणि तसं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच पंगत बसली, नटांची आणि पडद्यामागच्यांची मिळून. सेवादासला गाडीतून आणलं होतं. तो आता पार वाळून गेला होता, पाय वाकत नव्हता, आणि कडक जमिनीवर त्याला बसवत नाही हे सगळे जाणून होते. शालिकराम घरून कोट घेऊन आला होता. त्याने तो नीट घडी घालून सेवादासच्या ताटासमोर आसनासारखा अंथरला.

सेवादासने काठीच्या टोकाने कोट थोडा उलगडला. एक बाही जमिनीवर पसरली.

"रामसिंगानं सांगतलं मले हाताचं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "दोरी तुह्या हातायनं ओढली, पटलं मले. पन शालिकराम, हा कोट कोनं घातला होता?"

रामसिंग मध्ये काही म्हणायला गेला आणि थांबला. शालिकरामला या वेळी बैलाला पाणी दाखवायची आठवण झाली नाही.

"म्या घातला," तो म्हणाला. "टाळ्या वाजत होत्या. मले बरं वाटलं."

सेवादासने मान हलवली. काठीने कोट बाजूला सारला आणि वाकडा पाय लांब करून, दात आवळत, तो उघड्या जमिनीवर बसला. शालिकराम त्याच्यासमोर उभाच होता. बसावं की जावं, त्याला समजत नव्हतं.

"याचं बी ताट आना," सेवादास आचाऱ्याला म्हणाला आणि जेवायला लागला.